मावशीच्या घरी नाताळची सुट्टी

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की अमेरिकेतल्या विद्यापीठांची वसतिगृहे ओस पडू लागतात. परीक्षा संपलेल्या असतात, इथली मुले आपापल्या घरी निघून जातात, खाणावळ बंद होते. मागे उरतात ती परदेशातून आलेली मुले. आपल्या मंडळातल्या ज्येष्ठ सभासदांना, म्हणजे १९६०-७० च्या दशकांत खिशात आठ डॉलर घेऊन आलेल्या पिढीला, हा अनुभव वेगळा सांगायला नको. तेव्हा गावात देशी दुकान नव्हते, मराठी मंडळ नव्हते, घरी फोन करणे परवडत नव्हते. विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थ्यांचा विभाग एखाद्या स्थानिक कुटुंबाचा पत्ता हातात देई आणि नाताळचे दोन-चार दिवस त्या 'होस्ट फॅमिली'कडे जात. अनेकांनी पहिला बर्फ त्या घराच्या खिडकीतून पाहिला. कित्येकांचे संबंध पुढे लग्नकार्यांपर्यंत टिकले.

या परंपरेचे मराठी मूळ शोधत मागे गेले तर आपण थेट १८८३ सालात जाऊन पोचतो. स्थळ न्यू जर्सी राज्यातले रोझेल नावाचे छोटे गाव. यजमानीणबाईंचे नाव थिओडिशिया कार्पेंटर. आणि विद्यार्थिनी होती कल्याणची, अठरा वर्षांची, नऊवारी नेसणारी आनंदीबाई गोपाळ जोशी.

आनंदीबाईंची गोष्ट आपल्याला पाठ आहे असे आपण समजतो. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, ते दहा दिवसांत गेले. गोपाळरावांचा शिक्षणाचा ध्यास, अमेरिका, पदवी, बाविसावे पूर्ण होण्याआधीच मृत्यू. पण या गोष्टीत अमेरिकेचा भाग आला की सांगणारा एकदम कॉलेजात जातो आणि पदवीदान समारंभात बाहेर पडतो. मधली तीन वर्षे ही मुलगी कुठे जेवत होती, थंडी कशी काढत होती, सुट्टी लागली की कुणाच्या दाराशी उभी राहत होती, हे प्रश्न बाजूला पडतात. परदेशात विद्यार्थी म्हणून राहिलेल्या माणसाला मात्र हेच प्रश्न आधी सुचतात!

या घराशी ओळख कशी झाली ती हकीकतही ऐकण्यासारखी आहे. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला. १८७८ साली त्यांनी बायकोला अमेरिकेत शिकवण्याच्या विचाराने रॉयल वाइल्डर या मिशनरी गृहस्थांना पत्र लिहिले. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरात मिशनचे काम करून अमेरिकेत परतले होते आणि प्रिन्स्टनहून एक मिशनरी मासिक काढत होते. त्यांनी मदतीऐवजी धर्मांतराचा सल्ला दिला आणि हा पत्रव्यवहार मासिकात छापून टाकला. गोपाळरावांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपले. पण १८८० मध्ये रोझेलच्या कार्पेंटरबाई दात दाखवायला गेल्या असताना तिथे पडलेला त्या मासिकाचा अंक त्यांनी चाळला. त्यांना ते पत्र वाचून इतके वाटले की त्यांनी एका अनोळखी हिंदू मुलीला हिंदुस्थानात पत्र पाठवले. डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीतली जुनी मासिके आपण सगळेच चाळतो. त्यातून असे काही निघाल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

पुढची तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली. सण, व्रते, स्वयंपाक, बालविवाह, देव, औषधे असे सगळे विषय त्यांत होते. आनंदीबाईंनी कार्पेंटरबाईंना 'मावशी' म्हणायला सुरुवात केली ती या पत्रांतूनच, एकमेकींचे तोंड पाहण्यापूर्वी. 'माय मरो पण मावशी जगो' म्हणणाऱ्या समाजातली ही मुलगी. स्वतःच्या आईकडून आपल्याला मायेचा शब्द मिळाला नाही, मार मात्र भरपूर मिळाला, असे तिने पुढे सांगितले आहे. तेव्हा हा शब्द तिने सहज शिष्टाचार म्हणून वापरला असेल, असे मला वाटत नाही.

कलकत्त्याहून ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जहाजात बसल्या. सोबतीला मिशनरी स्त्रिया होत्या, नवरा नव्हता. ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटर मंडळी त्यांना घ्यायला आली आणि तिथून त्या सरळ रोझेलच्या घरी गेल्या. तो उन्हाळा त्यांनी तिथेच काढला. घरात मुली होत्या, अंगण होते, शेजारीपाजारी होते. आनंदीबाईंनी त्या मंडळींना आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून वाढला, बायकांना साड्या नेसवल्या. अमेरिकन शेजारणींची ती पंगत म्हणजे आपल्या आजच्या मंडळांच्या स्नेहसंमेलनाची पणजीच म्हणायची.

रोझेलविषयी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण एडिसन गावात आणि आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींना ती आवडेल. खांबांवरून तारा टाकून अख्ख्या गावाला विजेचे दिवे पुरवण्याचा टॉमस एडिसनचा पहिला प्रयोग झाला तो याच रोझेलमध्ये, १९ जानेवारी १८८३ रोजी. गावातल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये विजेचे झुंबर लागले. म्हणजे आनंदीबाई पोचल्या तेव्हा या प्रयोगाला जेमतेम साडेचार महिने झाले होते. कल्याणच्या वाड्यात समई आणि कंदिलाच्या उजेडात वाढलेली मुलगी योगायोगाने त्या काळच्या सर्वांत नव्या उजेडाच्या गावात येऊन उतरली.

ऑक्टोबरात कॉलेज सुरू झाले आणि खरी परीक्षा सुरू झाली. फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया ही स्त्रियांना डॉक्टर करणारी नावाजलेली संस्था होती. रेचेल बॉडली या तिच्या डीन. आनंदीबाईंना तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. त्या काळी वैद्यकाची मुख्य सत्रे ऑक्टोबर ते मार्च अशीच असत. याचे एक कारण व्यावहारिक होते. शीतगृहे नव्हती, आणि शवविच्छेदन थंडीतच करता येई. म्हणजे वर्षातला जो काळ कोकणच्या हवेत वाढलेल्या माणसाने घराबाहेर पडू नये असा, नेमका तोच काळ अभ्यासाचा.

जानेवारीत फिलाडेल्फियाचा पारा शून्याच्या आसपास असतो, आणि हिमवादळ आले की त्याखाली. राहायला मिळालेल्या खोलीतली शेकोटी जुनी होती. पेटवली तर खोलीभर धूर, न पेटवली तर हुडहुडी. त्यात नऊवारी. आपल्याकडच्या हवेला ती उत्तम, पण पोटऱ्या उघड्या राहतात. बर्फात त्याचा अर्थ काय होतो हे लिहायची गरज नाही. इंग्रजी पोशाख करायचा नाही हा आनंदीबाईंचा निश्चय होता. शेवटी त्यांनी गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसायचे ठरवले, त्यामुळे पाय झाकले जात. आज आपण पार्क्याखाली साडी आणि साडीखाली बूट घालून दिवाळीच्या कार्यक्रमाला जातो तेव्हा कुणी काही बोलत नाही. पण त्या एवढ्याशा बदलाचा खुलासा त्यांना हजारो मैल दूर असलेल्या नवऱ्याला पत्राने करावा लागला, आणि त्याबद्दलची नाराजी ऐकून घ्यावी लागली.

खाण्याचे हाल वेगळेच. मांस नाही, मासे नाहीत. डाळ-तांदूळ, मसाले आणायचे कुठून? अभ्यास, व्याख्याने, इस्पितळ सांभाळून स्वतःपुरते रांधायचे. इथल्या हिवाळ्यात तेव्हा ताजी भाजी जवळजवळ नसेच, कारण दक्षिणेकडून गारेगार डब्यांतून भाज्या येण्याचा जमाना अजून यायचा होता. पाव, बटाटे, दूध यांवर भूक भागते, पण अंगात ऊब आणि ताकद राहत नाही. पुढे ज्या क्षयाने त्यांचा बळी घेतला त्याला या हिवाळ्यांनी किती हातभार लावला असेल, याचा विचार आला की मन खिन्न होते.

त्याच हिवाळ्यातल्या दोन गोष्टी जाता जाता नमूद करतो. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकातोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला होता आणि त्याची धूळ वातावरणात पसरून नोव्हेंबरअखेर अमेरिकेच्या ईशान्य भागात सूर्यास्त इतके लालभडक दिसू लागले की पोकीप्सीसारख्या गावांत आग लागली समजून बंब बाहेर काढले गेले. पोकीप्सी हे नाव लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे. दुसरी गोष्ट रेल्वेची. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिकन रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळ स्वीकारली. त्याआधी फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क यांच्या घड्याळांत सुमारे पाच मिनिटांचा फरक असे. आनंदीबाईंच्या पहिल्या हिवाळी सुट्टीच्या वेळी ही नवी वेळ लागू होऊन महिना झाला होता.

सुट्ट्यांमधले त्यांचे घर म्हणजे रोझेल. फिलाडेल्फियाहून अंतर साधारण पाऊणशे मैल, आणि रोझेल हे सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीच्या मार्गावरचे स्टेशन. त्यांच्या बरोबरीच्या, कल्याण-पुण्यातल्या मुली दिवाळसणाला, नागपंचमीला माहेरी जात. आनंदीबाई मावशीकडे जात. बरोबर पुस्तके, अंगावर जाड शाल, कपाळावर कुंकू.

आता त्या काळचा नाताळ डोळ्यांपुढे आणून पाहा. अमेरिकेत नाताळ ही सरकारी सुट्टी झाली ती १८७० मध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच तो गोंगाटाच्या सणाऐवजी घरचा, मुलाबाळांचा सण बनत गेला. सांताक्लॉजचे आज आपण ओळखतो ते गुबगुबीत रूप रूढ करणारे चित्रकार टॉमस नास्ट हे रोझेलपासून फार दूर नसलेल्या मॉरिसटाउनलाच राहत. घराघरांतल्या झाडावर मेणबत्त्या लावत आणि शेजारी पाण्याची बादली ठेवत. विजेच्या दिव्यांचे पहिले ख्रिसमस झाड एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या आपल्या घरी डिसेंबर १८८२ मध्ये लावले होते, पण ते नवलाचे काम होते. सामान्य घरात मेणबत्त्या, सुका मेवा, मुलांसाठी मोजे, टर्की, आणि सकाळी चर्च.

यातली शेवटची गोष्ट आनंदीबाईंच्या बाबतीत साधी नव्हती. निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केले होते. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी भरसभेत सांगितले होते. परदेशी गेलेली बाई बाटणारच, अशी पैज लावून बसलेले लोक मागे पुष्कळ होते. आणि त्यांच्या हाती नेमके त्याच वेळी एक उदाहरण आले.

पंडिता रमाबाई १८८३ च्या उन्हाळ्यात इंग्लंडला गेल्या होत्या, त्याही वैद्यक शिकण्याच्या इच्छेने. आनंदीबाईंच्या त्या दूरच्या नातलग. त्या वाँटेज येथे सेंट मेरी संघाच्या जोगिणींकडे उतरल्या. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकाचा विचार सोडावा लागला. बरोबर आलेल्या मैत्रिणीने तिथेच आत्मघात केला. आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात त्यावरून किती गदारोळ झाला हे सर्वश्रुत आहे. आनंदीबाईंचे कॉलेज सुरू झाले ते त्यानंतर काही दिवसांनीच. म्हणजे त्यांची पहिली नाताळची सुट्टी आली तेव्हा महाराष्ट्राचे कान याच एका बातमीकडे लागलेले होते: जोशांची बायको कधी बाटते?

रमाबाईंवर कुणी बळजबरी केली असे मला सुचवायचे नाही. त्या स्वतंत्र बुद्धीच्या होत्या, पुढे त्यांनी त्याच जोगिणींशी धर्मतत्त्वांवरून चांगला वादही घातला. पण एकटी, दुःखात असलेली बाई ज्या छपराखाली राहते त्या घराचा स्वभाव महत्त्वाचा असतो. वाँटेजचे घर हे धर्मकार्यासाठीच उभारलेले घर होते. रोझेलचे घर एका गृहिणीचे होते. कार्पेंटरबाई ख्रिस्ती होत्या, त्यांचा सण त्या करीत होत्या. पण जिला हिंदुस्थानातून बोलावून आणली तिने आपल्या मताला यावे अशी अट त्यांनी घातली नाही, खर्चाच्या बदल्यात तशी अपेक्षाही ठेवली नाही. वाइल्डरनी ज्या पत्रावर धर्मांतराचे उत्तर दिले, तेच पत्र वाचून या बाईने घर देऊ केले होते. मला हा फरक फार मोठा वाटतो. आनंदीबाईंच्या निश्चयाचे कौतुक करावे तेवढे थोडे, पण रोज दाराशी येऊन कुणी तो निश्चय ढकलत नसेल तर तो टिकवायला बळ उरते. ते बळ त्यांना शरीरशास्त्रासाठी हवे होते.

आणखी एक बळ त्यांना हवे होते, ते नवऱ्याच्या पत्रांसाठी. गोपाळरावांनीच त्यांना शिकवले, पाठवले, हे खरे आहे. पण शिकवताना लाकडाचे तुकडे मारले, पुस्तके आणि खुर्च्या फेकल्या, सोडून जाण्याची धमकी दिली, हेही खरे आहे, कारण आनंदीबाईंनी हे सारे अमेरिकेतून नवऱ्यालाच लिहिलेल्या पत्रात स्पष्ट शब्दांत मांडले आहे. हिंदुस्थानात राहून असे पत्र त्या लिहू शकल्या असत्या का? तिथे, समुद्रापलीकडे, स्वतःची खोली, स्वतःचा अभ्यास आणि सुट्टीत जायला एक हक्काचे घर असताना त्यांच्या लेखणीला हा धीटपणा आला, असे माझे मत आहे. त्या पत्रात त्रागा नाही. हिशोब मांडावा तशी नोंद आहे, आणि पुढे 'तुमच्यामुळेच मी घडले' अशा आशयाची कबुलीही आहे.

१८८५ मध्ये गोपाळराव स्वतः अमेरिकेत आले. त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली आणि त्यांत अमेरिकन समाजावर सडकून टीका केली. ज्या घरांनी बायकोला आसरा दिला त्याच देशात हे ऐकणाऱ्या यजमानांना काय वाटले असेल! पण कार्पेंटर मंडळींनी संबंध तोडले नाहीत.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. समारंभाला रमाबाई खास इंग्लंडहून आल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी दोघींची घरे, वाटा, धर्म वेगळे झाले होते, तरी त्या दिवशी एक दुसरीसाठी टाळ्या वाजवायला हजर होती. पुढे रमाबाईंच्या हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तकाला डीन बॉडलींनी प्रस्तावना लिहिली. त्या पुस्तकाने अमेरिकेत रमाबाईंच्या कार्याला मदत उभी राहिली. एका विद्यार्थिनीच्या मागून दुसरीला दार कसे उघडते, त्याचे हे जुने उदाहरण.

आपल्या मराठी स्मृतीत या साऱ्याची वाटणी मात्र विषम झाली आहे. काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये आनंदीबाईंचे चरित्र लिहिले, त्याआधी अमेरिकेत कॅरोलाइन हीली डॉल यांनी लिहिले. मग श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी आली, त्यावर नाटक झाले, २०१९ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. नावातच दोघे आहेत. तिसरी व्यक्ती, जिच्या घरात मधली वर्षे गेली, ती बहुतेक सांगणाऱ्यांच्या तोंडी एका वाक्यात आटोपते. परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांना ही गोष्ट सांगताना ते वाक्य थोडे लांबवायला हरकत नाही.

ऑक्टोबर १८८६ मध्ये आनंदीबाई परत निघाल्या तेव्हा त्या खंगलेल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती, पण ती सांभाळण्याची वेळ आलीच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाटेल बाटेल म्हणून वाट पाहणाऱ्यांना त्यांनी हिंदू म्हणूनच परत येऊन दाखवले होते.

त्यानंतर गोपाळरावांनी एक गोष्ट केली, जिच्यासाठी त्यांचे अनेक अपराध पोटात घालावेसे वाटतात. त्यांनी आनंदीबाईंच्या अस्थी मावशीकडे पाठवल्या. कार्पेंटरबाईंचे माहेर न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीचे. तिथल्या रूरल सिमेटरीत, हडसन नदीच्या काठी, आपल्या कुटुंबाच्या राखीव जागेत त्यांनी त्या अस्थी ठेवल्या आणि वर दगड बसवला. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असे त्यावर इंग्रजीत कोरलेले आहे. आजूबाजूला सगळी त्या अमेरिकन घराण्यातली माणसे.

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलहून हडसन मार्गाची गाडी पकडली की शेवटचे स्टेशन पोकीप्सी, साधारण दोन तास. डावीकडच्या खिडकीशी बसावे, नदी पूर्ण वाटेने सोबत असते. नाताळच्या सुट्टीत जायचे असेल तर बूट चांगले घालावेत, कारण त्या दिवसांत दगडांवर बर्फ असण्याची शक्यता असते आणि नाव वाचायचे तर हाताने झटकावा लागतो.